एमपीआयमधल्या डेटाटाइपचं नाव कसं विचारायचं, आणि त्या उत्तरावर किती विसंबायचं

पॅरलल प्रोग्रॅम डीबग करताना कधीतरी कोणीतरी डेटाटाइपचं व्हेरिएबल थेट प्रिंट करून बघतो आणि स्क्रीनवर येतं १२७५०६९४४५. हा काय प्रकार आहे, मेमरी खराब झाली का, एवढा मोठा आकडा आला कुठून, असे प्रश्न मग सुरू होतात. खरं तर काहीच बिघडलेलं नसतं. तो आकडा म्हणजे साधा इंटिजर टाइप आहे, फक्त लायब्ररी त्याला आतमध्ये त्या नंबरने ओळखते. आपल्याला वाचता येईल असं नाव हवं असेल तर ते वेगळं मागावं लागतं आणि त्यासाठी एक छोटंसं फंक्शन आहे. पण ते नाव नक्की काय सांगतं आणि काय सांगत नाही हे माहीत नसेल तर माणूस त्याच्यावर भलत्याच गोष्टी उभ्या करतो, म्हणून हे जरा नीट मांडतोय.

आधी मुळापासून

एमपीआय म्हणजे मेसेज पासिंग इंटरफेस. हवामानाचं मॉडेल असो किंवा रेणूंचं सिम्युलेशन, काम एवढं मोठं असतं की एका मशीनला झेपत नाही, मग तेच काम शेकडो-हजारो प्रोसेसमध्ये वाटतात. प्रत्येक प्रोसेसची मेमरी स्वतंत्र. एकीला दुसरीच्या मेमरीत डोकावता येत नाही, जे काही द्यायचं-घ्यायचं ते मेसेज पाठवूनच. प्रत्येक प्रोसेसला एक नंबर असतो, त्याला रँक म्हणतात. या सगळ्याचं पहिलं स्टँडर्ड १९९४ साली आलं. ते म्हणजे फक्त नियमांचं पुस्तक, त्याबरहुकूम लायब्ररी लिहिणारे वेगवेगळे आहेत, त्यातल्या एमपीआयसीएच आणि ओपन एमपीआय या दोन जास्त माहितीतल्या.

मेसेज पाठवताना आपण सांगतो की डेटा या पत्त्यापासून सुरू होतो, इतके नग आहेत, आणि प्रत्येक नग अमुक टाइपचा आहे. हे तिसरं का सांगावं लागतं? कारण सी भाषेत पाठवायच्या फंक्शनला बफरचा नुसता पत्ता मिळतो, तो व्हॉइड पॉइंटर असतो, त्यावरून तिथे इंटिजर आहेत की डबल हे कंपायलरलाही कळत नाही आणि लायब्ररीलाही नाही. म्हणून आपणच टाइप सोबत द्यायचा, आणि तो चुकीचा दिला तर लायब्ररी निमूटपणे तोच खरा मानते.

हा १२७५०६९४४५ येतो कुठून?

आपल्या हातात जो टाइप असतो ते एक हँडल असतं, म्हणजे लायब्ररीच्या आत असलेल्या खऱ्या माहितीकडे बोट दाखवणारी खूण. ती खूण कशी बनवायची हे स्टँडर्डने बरीच वर्षं लायब्ररीवरच सोडलं होतं. एमपीआयसीएचने साधा इंटिजर घेतला. वरचा आकडा हेक्समध्ये लिहिला तर ४सी-००-०४-०५ असा येतो आणि त्यातला ०४ म्हणजे त्या टाइपची साइज, ४ बाइट. डबलच्या हँडलमध्ये त्याच जागी ०८ असतं. ओपन एमपीआयने पॉइंटर घेतला, त्यामुळे तिकडे हीच गोष्ट प्रिंट केली तर मेमरीचा एखादा पत्ता दिसतो. तेव्हा आकडा पाठ करून उपयोग नाही, लायब्ररी बदलली की तो बदलतो.

नाव मागायचं कसं

फंक्शनचं नाव एमपीआय_टाइप_गेट_नेम, पुढे मी नुसतं गेट नेम म्हणतो. हे १९९७ सालच्या एमपीआय-२ मध्ये आलं. त्याला तीन गोष्टी द्यायच्या: हँडल, नाव ठेवायला कॅरेक्टरचा बफर, आणि नावाची लांबी परत यायला एक इंटिजर. बफर किती मोठा घ्यायचा यासाठी एमपीआय_मॅक्स_ऑब्जेक्ट_नेम हा कॉन्स्टंट आहे, तोच वापरायचा, मनाने ३२ किंवा ५० असं काही घ्यायचं नाही. कमीत कमी ६४ असायला हवा असं स्टँडर्ड सांगतं पण लायब्ररी त्याहून मोठाही ठेवू शकते, आणि नाव लिहिताना तुमचा बफर किती आहे हे तिला माहीतच नसतं, त्यामुळे छोटा बफर दिला तर शेजारची मेमरी खराब होणार. सी मध्ये जी लांबी परत येते त्यात शेवटचं नल कॅरेक्टर धरलेलं नसतं. फोर्ट्रानमध्ये नल नसतंच, उरलेली जागा स्पेसने भरून येते म्हणून प्रिंट करताना ट्रिम करा.

स्टँडर्डने आधीच दिलेल्या टाइपना नाव आपोआप असतं, इंटिजरचं हँडल दिलं की "एमपीआय_इंट" अशी स्ट्रिंग मिळते, डबलचं दिलं की "एमपीआय_डबल". इथे लक्षात घ्या की हे एमपीआयच्या टाइपचं नाव आहे, भाषेतल्या टाइपचं नाही, म्हणजे नुसतं "इंट" मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका.

हे नाव म्हणजे नक्की काय हे समजायला मोबाइलमधली कॉन्टॅक्ट लिस्ट आठवा. फोन लागतो तो नंबरवर, नाव आपण आपल्या सोयीसाठी सेव्ह केलेलं असतं. काही नंबर सिमकार्डबरोबर आधीच नावानिशी येतात, बाकीचे आपण सेव्ह करायचे, नाही केले तर नावाची जागा रिकामी. दोन वेगळे नंबर एकाच नावाने सेव्ह करता येतात, कोणी अडवत नाही. नाव बदललं म्हणून फोन दुसऱ्याला लागत नाही. आणि तुमच्या फोनमध्ये तुम्ही काय नाव ठेवलंय ते समोरच्याला दिसत नाही. डेटाटाइपच्या नावाला यातली एकूणएक गोष्ट लागू पडते.

आपण बनवलेल्या टाइपचं काय?

खरी गरज इथेच पडते. समजा सिम्युलेशनमध्ये एक कण आहे, त्याचा आयडी इंटिजर आणि तीन कोऑर्डिनेट डबल. हे सगळं एका झटक्यात पाठवायचं म्हणून आपण एमपीआयचा स्ट्रक्ट टाइप बनवतो, कमिट करतो (म्हणजे तो वापरायला तयार आहे असं लायब्ररीला सांगतो), वापरतो. याला तयार नाव काहीच नसतं, गेट नेम केलं तर रिकामी स्ट्रिंग मिळते. ती एरर नाही, फंक्शन यशस्वी झालेलं असतं, फक्त सांगायला काही नसतं.

म्हणून टाइप बनवला की लगेच पुढच्या ओळीत सेट नेम करायचं (एमपीआय_टाइप_सेट_नेम, टाइपला नाव देणारं फंक्शन), "कण" किंवा जे काही समजेल ते. एका ओळीचं काम आहे, तरी बहुतेक लोक करत नाहीत, आणि मग प्रोग्रॅममध्ये दहा-बारा टाइप झाले की कोणता कुठला हे शोधत बसावं लागतं. मला विचाराल तर कमिटच्या शेजारी सेट नेम नसेल तर कोड रिव्ह्यूमध्ये तिथेच थांबवावं. नाव मर्यादेपेक्षा लांब दिलं तर लायब्ररी ते कापून ठेवते, तेव्हा ओळखायला लागणारा शब्द नावाच्या सुरुवातीला ठेवा.

नाव विचारायचं ते टाइप फ्री करण्याआधी. फ्री केल्यावर हँडल नल होतं, आणि त्याची जुनी कॉपी कुठे ठेवली असेल तर ती निरुपयोगी खूण उरते. अशा जुन्या कॉपीवर नाव मागणं चूक आहे आणि डीफॉल्ट एरर हँडलर अशा चुकीला पूर्ण प्रोग्रॅम बंद पाडतो. तसंच हे सगळं एमपीआय इनिट झाल्यावर आणि फायनलाइजच्या आधी करायचं.

नाव मेसेजबरोबर पलीकडे जात नाही

सगळ्यात जास्त गैरसमज इथे होतो म्हणून जरा थांबतो. बऱ्याच जणांना वाटतं की मेसेजबरोबर टाइपची माहिती जात असेल आणि पलीकडे टाइप जुळला नाही तर एरर येईल. तसं काही होईलच याची हमी नाही, आणि नेहमीच्या वापरात बहुतेक वेळा होत नाही.

उदाहरण बघा. रँक ३ ने १० डबल पाठवले, म्हणजे ८० बाइट. रँक ० ने चुकून २० इंटिजर घ्यायला ठेवले, तेही ८० बाइट. बाइट जुळले, मेसेज पोचला, रिटर्न कोड यशस्वी. आता पाठवलेला पहिला आकडा १.० असेल तर नेहमीच्या लिटल एंडियन (आकड्याचे खालचे बाइट मेमरीत आधी ठेवणाऱ्या) मशीनवर घेणाऱ्याच्या ॲरेमध्ये पहिल्या दोन जागांवर काय दिसेल? ० आणि १०७२६९३२४८. कारण १.० हा डबल आठ बाइटमध्ये लिहिताना खालचे चार बाइट शून्य असतात आणि वरच्या चारमध्ये जो बिट पॅटर्न असतो तो इंटिजर म्हणून वाचला की नेमका हाच आकडा होतो. ॲरेमध्ये एकाआड एक शून्य आणि मध्ये एक अब्जाच्या आसपासचे आकडे दिसले तर पहिला संशय टाइपवर घ्या.

घेणाऱ्याचा बफर लहान पडला तर ट्रंकेशनची एरर मिळते, पण ती लांबीबद्दल असते, टाइपबद्दल नाही. स्टँडर्ड म्हणतं की दोन्हीकडचे टाइप जुळले पाहिजेत, पण ते जुळवणं आपली जबाबदारी. आणि जुळणं म्हणजे नाव जुळणं नव्हे, आतल्या मूळ टाइपचा क्रम जुळणं. एका रँकवर नाव "कण" आणि दुसऱ्यावर "पार्टिकल" असलं तरी काही बिघडत नाही, सेट नेम हे पूर्णपणे स्थानिक काम आहे, त्यासाठी बाकीच्या प्रोसेसना थांबावंही लागत नाही. तरी सगळीकडे एकच नाव ठेवा, नाहीतर लॉग वाचणाऱ्याची दमछाक होते.

मग या नावाचा खरा उपयोग कुठे?

लॉगमध्ये. आणि इथे एमपीआयची एक फार सुंदर सोय आहे जी अनेकांना माहीतच नसते. प्रत्येक एमपीआय फंक्शनला एक जुळं फंक्शन असतं, त्याच्या नावाआधी जास्तीचा पी, म्हणजे पीएमपीआय. आपण एमपीआय_सेंड या नावाचं स्वतःचं फंक्शन लिहायचं, त्यात हवं ते प्रिंट करायचं आणि मग खरं काम करायला पीएमपीआय_सेंडला बोलवायचं. मूळ प्रोग्रॅमच्या एकाही ओळीला हात लावावा लागत नाही, फक्त लिंक करताना आपलं फंक्शन आधी सापडलं पाहिजे.

त्या फंक्शनमध्ये आत काय करायचं? आलेल्या हँडलवर गेट नेम (त्याचंही पी वालं रूप वापरा), लांबी शून्य आली तर "बेनाम" लिहा आणि सोबत टाइप साइज विचारून बाइट लिहा, मग रँक, नग आणि कोणाला पाठवतोय ते. एवढं केलं की वरच्या गोंधळात लॉग असा दिसतो: रँक ३ च्या फाइलमध्ये "पाठवतोय, रँक ० ला, १० नग, एमपीआय_डबल" आणि रँक ० च्या फाइलमध्ये "घेतोय, रँक ३ कडून, २० नग, एमपीआय_इंट". दोन ओळी शेजारी ठेवल्या की चूक उघडी पडते. नावाऐवजी १२७५०६९४४५ छापला असता तर हेच शोधायला संध्याकाळ गेली असती.

काही गोष्टी सांभाळा. सगळ्या रँकचं आउटपुट एकाच स्क्रीनवर टाकू नका, ओळी एकमेकींत मिसळतात, प्रत्येक रँकची वेगळी फाइल ठेवा. घेण्याचं फंक्शन, नॉन-ब्लॉकिंग रूपं, ब्रॉडकास्टसारखी कलेक्टिव्ह फंक्शन्स यांनाही असंच गुंडाळावं लागेल, कारण टाइप सगळ्यांनाच द्यावा लागतो. आणि प्रोग्रॅम फोर्ट्रानमध्ये असेल तर सी मध्ये लिहिलेलं हे गुंडाळणं लागू पडेलच असं नाही, अनेकदा फोर्ट्रानचं फंक्शन आतून थेट पीएमपीआयकडे जातं.

"गेट नेमने कॉल स्लो नाही का होणार?"

गेट नेम नेटवर्कवर जात नाही, आपल्याच प्रोसेसच्या मेमरीतली छोटी स्ट्रिंग कॉपी करतं. वेळ जातो तो फाइलमध्ये लिहिण्यात. म्हणून लॉग चालू-बंद करायला एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ठेवा आणि नेहमीच्या रनमध्ये बंद ठेवा.

"मग नाव बघून इफ लावलं तर?"

हा मोह होतो, की नाव "एमपीआय_डबल" असेल तर हे कर, "एमपीआय_इंट" असेल तर ते कर, स्ट्रिंग कंपेअर करून. करू नका. एक तर नाव कोणीही कधीही बदलू शकतं. दुसरं, काही टाइपना स्टँडर्डनेच दोन नावं दिलीत, लाँग लाँग आणि लाँग लाँग इंट हे एकाच टाइपचे दोन पर्याय, तेव्हा गेट नेममधून दोन्हीपैकी कोणतं येईल यावर कोड उभा करायचा नाही.

तयार टाइप ओळखायचा असेल तर हँडल थेट डबल इक्वलने तपासा, ते चालतं, तसंच करायचं असतं. पण स्विच-केस टाळा. एमपीआयसीएचमध्ये हँडल इंटिजर असल्यामुळे स्विच कंपाइल होतो आणि वाटतं जमलं, तोच कोड ओपन एमपीआयवर नेला की कंपायलर अडवतो, कारण तिकडे पॉइंटर आहे आणि पॉइंटरवर स्विच लागत नाही. इफ-एल्स-इफची लांब माळ दिसायला बरी दिसत नाही पण ती सगळीकडे चालते.

अजून एक बारकावा. एमपीआय_इंट आणि २००९ साली आलेला एमपीआय_इंट३२_टी, आजच्या बहुतेक मशीनवर दोन्ही ४ बाइटचेच, तरी स्टँडर्डच्या दृष्टीने ते वेगळे टाइप आहेत, एकाने पाठवून दुसऱ्याने घेणं नियमात बसत नाही. साइज बघून हे कळणार नाही, नाव बघून कळेल.

"नावच दिलेलं नसेल तर आत काय आहे ते कसं बघू?"

लायब्ररी दुसऱ्या कोणाची असेल तर ही वेळ येतेच. त्यासाठी वेगळी जोडी आहे, गेट एन्व्हलप आणि गेट कंटेंट्स. पहिलं सांगतं की हा टाइप कोणत्या पद्धतीने बनला, त्या पद्धतीला कंबायनर म्हणतात, आणि तो बनवताना किती इंटिजर, किती पत्ते, किती टाइप दिले होते. दुसरं त्या प्रत्यक्ष किमती देतं.

समजा डबलचा व्हेक्टर टाइप आहे, ३ ब्लॉक, प्रत्येकात २ नग, आणि एका ब्लॉकच्या सुरुवातीपासून पुढच्याच्या सुरुवातीपर्यंत ५ नगांचं अंतर. एन्व्हलप सांगेल: कंबायनर व्हेक्टर, इंटिजर ३, पत्ते ०, टाइप १. मग कंटेंट्स देईल ३, २, ५ आणि डबलचं हँडल. आतला टाइप परत बनवलेला असेल तर त्यालाही तेच विचारायचं, असं करत खाली जायचं आणि कंबायनर "नेम्ड" आला की थांबायचं, तो तयार टाइप आहे, तिथे गेट नेम करायचं आणि नाव मिळतं. नेम्डवर कंटेंट्स मागणं ही एरर आहे, म्हणून एन्व्हलप आधी विचारणं आवश्यक. आणि कंटेंट्समधून मिळालेलं हँडल बनवलेल्या टाइपचं असेल तर काम झाल्यावर ते आपण फ्री करायचं, तयार टाइपचं असेल तर फ्री करायचं नाही. हे विसरलं की मेमरी हळूहळू गळत राहते आणि लांबच्या रनमध्येच कळतं.

सोबत साइज आणि एक्स्टेंटही विचारा, एक्स्टेंट म्हणजे ॲरेमध्ये एका नगाच्या सुरुवातीपासून पुढच्याच्या सुरुवातीपर्यंतचं अंतर. वरचा "कण" घ्या: इंटिजर ४ बाइट आणि तीन डबल २४, साइज येते २८. पण मेमरीत डबल ८ च्या पटीत ठेवायला कंपायलर इंटिजरनंतर ४ बाइट रिकामे सोडतो, म्हणून स्ट्रक्ट प्रत्यक्षात ३२ बाइटचं असतं आणि एक्स्टेंट ३२ यायला हवा. तो वेगळा आला तर कणांची ॲरे पाठवताना दुसऱ्या कणापासून सगळं सरकणार, आणि नाव कितीही छान दिलेलं असलं तरी त्यातून हे समजणार नाही.

पायथॉनमध्ये?

एमपीआय४पाय वापरत असाल तर काम सोपं आहे, डेटाटाइपच्या ऑब्जेक्टवर गेट_नेम बोलवा किंवा त्याची नेम प्रॉपर्टी वाचा. बफरची भानगड नाही. नियम मात्र तेच, कारण खाली लायब्ररी तीच. कम्युनिकेटर आणि विंडो यांनाही अशीच नावं देता आणि विचारता येतात.

आता नंबर ठरावीक झाले, मग नावाची गरज उरली का?

२०२५ मध्ये एमपीआय ५.० आलं आणि त्यात एबीआय ठरवून दिला, म्हणजे कंपाइल झालेल्या बायनरीच्या पातळीवर हँडल कशी दिसावीत हेही आता स्टँडर्डमध्ये आहे. तो एबीआय वापरून बांधलेल्या लायब्ररींमध्ये तयार टाइपचे नंबर सगळीकडे सारखे असतील, आणि हँडल पॉइंटर असल्यामुळे स्विचचा प्रश्न तिथेच निकाली निघतो, तो चालणार नाही. पण हे झालं तयार टाइपचं. तुम्ही रनमध्ये बनवलेल्या "कण" चा नंबर कोणी आधी ठरवून ठेवू शकत नाही, तो आजही लायब्ररी त्या वेळी देईल तो, त्यामुळे त्याला सेट नेम आजही आपल्यालाच करावं लागणार. आणि तुम्ही स्वतः लायब्ररी लिहीत असाल तर नावाआधी लायब्ररीचं नाव जोडा, कारण वापरणाऱ्याच्या प्रोग्रॅममध्ये त्याचाही एखादा "कण" असू शकतो आणि लॉगमध्ये दोन्ही सारखेच दिसतील.